घाट उतरलं तर वीज, पठार चढलं तर बिल

मामांच्या द्राक्षबागेला पाणी दोन वाटांनी येतं. एक बोअरचं, दुसरं ‘योजनेचं’. कवठे महांकाळच्या बाजूला योजना म्हटलं की कृष्णेचं पाणी उपसणारी म्हैसाळ, पुढे काही विचारायचं कारण नसतं. आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटल्याची खबर आली की मामा आधी शेततळ्याच्या कागदाला कुठे भोक पडलंय का ते बघतात आणि मग म्हणतात, “कोयनेनं सोडलं वाटतं.” उन्हाळ्यात बहुतेकदा ते खरंही असतं.

पण तेच पाणी पलीकडच्या बाजूला गेलं असतं, तर गोष्ट अगदी उलटी झाली असती.

कोयनेचा शिवसागर जलाशय साधारण १०५ टीएमसीचा (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट). नदीचा स्वतःचा रस्ता पूर्वेचा: कराडला ती कृष्णेला मिळते. जलाशयाच्या पश्चिमेला मात्र सह्याद्री एकदम तुटतो आणि खाली कोकण लागतं. डोंगरातून बोगदे काढून पाणी तिकडे वळवलं, पोफळीच्या भूमिगत वीजगृहापर्यंत. उतार पाचशे मीटरच्या आसपास. इथे एकच आकडा लक्षात ठेवा: एक हजार लिटर पाणी ३६७ मीटर खाली आलं, की त्यातून एक युनिट ऊर्जा मिळते. यंत्रातली गळती धरूनही पोफळीला हजार लिटरमागे एका युनिटहून थोडी जास्त वीज हाती लागते. शिवाय वापरून झालेलं पाणी कोळकेवाडीच्या धरणात अडवून आणखी एकदा टर्बाइनवर सोडतात. मग ते वाशिष्ठीला मिळतं आणि चिपळूणवरून समुद्राला.

कोयनेची वीजक्षमता सगळी मिळून १९६० मेगावॉटच्या घरात आहे. पण तिची खरी किंमत वेळेत आहे. संध्याकाळी सात वाजता घरोघरी दिवे, पंखे, मिक्सर एकदम चालू होतात. कोळशाचा थंड बॉयलर तापायला तास लागतात, कोयनेचं चाक काही मिनिटांत वेग घेतं. म्हणून वीजवाल्यांचा जीव या पाण्यात. मात्र कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादानं पश्चिमेकडे वर्षाला ६७.५ टीएमसीच पाणी वळवायची मर्यादा घातली आहे. पाऊस कमी झाला की तेवढ्यावरूनही ओढाताण सुरू होते.

आता पूर्वेचं गणित. धरणाच्या पायथ्याला छोटं वीजगृह आहे, त्यातून थोडी वीज होते. पण तिथे उंचीच फारशी नाही. पुढे नदीतून ताकारी, म्हैसाळ, टेंभू या योजना पाणी उपसतात आणि टप्प्याटप्प्यानं वर, जत-आटपाडी-सांगोल्याच्या दुष्काळी पट्ट्याकडे चढवतात. तोच ३६७ चा आकडा, फक्त उलटा. समजा पाणी २०० मीटर चढवायचं आहे. पंपाची घट धरली तर हजार लिटरला पाऊण युनिट जातं. म्हणजे पश्चिमेला गेलं असतं तर एक युनिट देणारं पाणी पूर्वेला पाऊण युनिट खातं. या योजनांचे पंप पाण्याअभावी नाही, थकलेल्या वीजबिलापायी बंद राहिल्याचे उन्हाळे सांगली जिल्ह्यानं पाहिलेत. शेवटी बिलाचा ८१ टक्के भाग सरकारनं आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी उचलायचा, असं ठरलं. म्हणून पाणी समुद्राला घालवायचं का? माझं मत विचाराल तर नाही. डाळिंबाला युनिट पाजता येत नाही. पण समुद्राला जाणाऱ्या त्या पाण्याला सभेत कुणी ‘वाया जाणारं पाणी’ म्हटलं की मला पोफळीची आठवण होते.

कोयनेनं न दिलेली वीज कुठून तरी यावी लागतेच. ती येते चंद्रपूर, परळी, कोराडीसारख्या औष्णिक केंद्रांतून, आणि तिथे पाणी पुन्हा लागतं. रस्त्यावरून दिसणाऱ्या त्या बुटक्या, कमरेत बारीक मनोऱ्यांतून पांढरं निघतं, त्याला लोक धूर समजतात. तो धूर नव्हे, वाफ आहे. कोळशाच्या उष्णतेपैकी जेमतेम तिसऱ्या हिश्शाची वीज होते. उरलेली उष्णता टाकण्यासाठी पाणी उडवावं लागतं. पर्यावरण मंत्रालयानं २०१५ मध्ये जुन्या केंद्रांना घातलेली मर्यादा एका युनिटमागे साडेतीन लिटर आहे. ऐकायला तांब्या-दोन तांब्ये, पण हजार मेगावॉटचं केंद्र तासाला दहा लाख युनिटं काढतं. त्याच २०१५ च्या दुष्काळात, जुलै महिन्यात, परळीचं केंद्र पाणी नाही म्हणून बंद करावं लागलं. ज्या साली विहिरी तळाला जातात आणि मोटरी जास्त तास चालतात, नेमकं त्याच साली हे होतं. कोराडीनं यावर बरी तोड काढली: नागपूरचं सांडपाणी शुद्ध करून ते वापरायचं. पेंच धरणाचं तेवढं पाणी वाचलं.

मामांच्या बोअरवर मात्र कुणाचा लवाद नाही. खोली ते फुटांत सांगत नाहीत, पाइपांत सांगतात; एक पाइप वीस फुटांचा. सुरुवातीला मोटर पंधरा पाइपांवर होती, आता पंचवीसवर गेलीय. बोअरची मोटर निम्म्याहून कमी वीज कामी लावते, असं धरलं तर हजार लिटरला तेव्हा साधारण सहा दशांश युनिट लागायचं, आता पुरतं एक. पाणी तेवढंच, बागही तेवढीच.

गेल्या खेपेला गेलो तेव्हा लाइट रात्रीच्या पाळीला होती. बारा वाजता स्टार्टरचा ‘खट्’ आवाज आला, मामा बॅटरी घेऊन उठले. मी विचारलं, सौरपंप का नाही बसवत? दिवसा पाणी देता येईल, बिल नाही.

“बसवीन की,” मामा म्हणाले. “पण बिल नसल्यावर सगळेच दिवसभर उपसणार. मग पाइप कितीवर जातील, ते सांग.”