अन्य भाषा बोलता येत नाही म्हणजे पवित्र आत्मा मिळालाच नाही का?

"जो अन्य भाषेत (म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने, न शिकलेल्या भाषेत) बोलत नाही त्याला पवित्र आत्मा मिळालेलाच नाही" असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय, आणि त्यामुळे चांगले प्रामाणिक विश्वासणारे उगाच मनात कुढत बसतात. बायबल उघडा, करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय १२. वचन ३ म्हणतं पवित्र आत्म्याशिवाय कुणी 'येशू प्रभू आहे' असं म्हणूच शकत नाही, ११ मध्ये आत्मा आपल्या इच्छेप्रमाणे दानं वाटतो, आणि ३० मध्ये तर सरळच विचारलंय, सगळेच अन्य भाषा बोलतात का? उत्तर नाही असंच आहे. बायबलमधल्याच 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात अध्याय २, १० आणि १९ मध्ये लोक अन्य भाषांत बोलले हे खरंय, त्यावरूनच बऱ्याच पेंटेकॉस्टल मंडळ्या (आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्या) त्याला आत्म्याच्या बाप्तिस्म्याची, म्हणजे आत्म्याने भरून जाण्याची, खूण मानतात, पण खूण वेगळी आणि तारणाची अट वेगळी.