हिशेबनीस की जुळवाजुळव करणारा? ऑस्ट्रेलियातल्या दिव्यांग निधीची पार्श्वभूमी

मेलबर्न-सिडनीकडच्या मराठी घरात कुणाला एनडीआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय दिव्यांगत्व विमा योजनेचा, निधी मंजूर झाला की पहिल्याच महिन्यात एक प्रश्न निघतो. "प्लॅन मॅनेजर घ्यायचा की सपोर्ट कोऑर्डिनेटर?" तसं पाहिलं तर ही निवड नाहीच. एक बिलं तपासून पैसे चुकते करतो, दुसरा माणसं आणि सेवा शोधून त्यांची मोट बांधतो. दोघंही मिळू शकतात, किंवा एकच, किंवा एकही नाही. तरीही हा घोळ नव्याने आलेल्यांच्या अज्ञानातून होतो असं मला वाटत नाही. योजनेच्या इतिहासातच तो आहे.

आपल्याकडच्या सवयीचाही त्यात थोडा भाग आहे. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजना म्हटली की ठराविक रक्कम खात्यात जमा होते, तिचं काय करायचं ते घर ठरवतं. एनडीआयएसमध्ये आकडा मोठा दिसतो, पण तो आधीच कप्प्यांत वाटलेला असतो आणि सहसा हातात येत नाही. सेवा आधी घ्यायची, बिल मग निघतं.

ऑस्ट्रेलियाने १९०८ साली अपंग पेन्शनचा कायदा केला. ती मदत पोटापुरती होती. रोजची काळजी घरच्यांवर, नाहीतर मोठ्या संस्थांवर. मेलबर्नमधली क्यू कॉटेजेस ही दिव्यांगांची वसाहत १८८७ साली सुरू झाली आणि २००८ साली बंद झाली. १९९६ च्या एप्रिलमध्ये तिथे लागलेल्या आगीत नऊ रहिवासी दगावले. लोक अशा संस्थांमधून बाहेर पडले, समाजात राहू लागले, पण पैसा मात्र संस्थांच्याच नावाने जात राहिला. राज्य सरकारं सेवा देणाऱ्या संस्थांना ठोक अनुदान द्यायची आणि माणूस त्या संस्थेच्या रांगेत उभा राहायचा. संस्था बदलायची तर पैसा मागे येत नसे.

याच काळात, १९८८ साली, पश्चिम ऑस्ट्रेलियात आल्बनी या दक्षिण किनाऱ्यावरच्या गावात वेगळा प्रयोग सुरू झाला. राज्य अवाढव्य, वस्ती विरळ आणि सेवा बहुतेक पर्थमध्ये. दिव्यांग मूल असलेल्या घराने मग गाव सोडायचं की मुलाला दूर ठेवायचं? त्यावर उपाय म्हणून गावातच राहणारा एक समन्वयक नेमला गेला. ठरावीक घरांशी त्याची ओळख असायची. शाळा, शेजारी, क्लब, दवाखाना असं सगळं तो धुंडाळायचा आणि गरज पडली तर थोडा निधीही मिळवून द्यायचा. त्याच्या कामात पैसा सगळ्यात शेवटी यायचा. आजच्या सपोर्ट कोऑर्डिनेटरचा एक पूर्वज हा आहे.

प्लॅन मॅनेजरचं मूळ बरंचसं ब्रिटनकडे जातं. तिथल्या दिव्यांगांच्या चळवळीने लावून धरलं की सेवा नको, सेवेचे पैसे द्या, मदतनीस आम्ही नेमू. १९९६ साली तसा कायदा झाला. पैसे हातात आले तेव्हा लक्षात आलं की मदतनीस नेमणारा माणूस मालक झाला आहे. पगारपत्रक, कर, रजा, विमा, सगळं त्याच्या गळ्यात. मग दिव्यांगांच्याच संस्थांनी पगारपत्रकं सांभाळून द्यायला सुरुवात केली. ऑस्ट्रेलियातही व्हिक्टोरियात वैयक्तिक पॅकेजं आली, तेव्हा पैसे सांभाळणाऱ्या मध्यस्थ संस्था त्यांच्यासोबत आल्या.

विम्याची कल्पना त्याहून जुनी. पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांच्या सरकारने न्यूझीलंडचे न्यायमूर्ती ओवेन वुडहाउस यांच्याकडून अपघात-आजाराच्या देशभरच्या भरपाई योजनेचा अहवाल घेतला होता, १९७४ साली. पुढच्या वर्षी सरकारच बडतर्फ झालं आणि विधेयक बारगळलं. तीसेक वर्षांनी ब्रूस बोनीहेडी या अर्थतज्ज्ञाने ती कल्पना पुन्हा वर काढली. त्यांचे स्वतःचे दोन मुलगे दिव्यांग. माजी उपपंतप्रधान ब्रायन हाउ यांनी त्यांना सुचवलं होतं की याकडे कल्याणखातं म्हणून बघू नका, विमा म्हणून बघा. मजूर पक्षाचे बिल शॉर्टन यांनी तो विषय सरकारात रेटला, आणि २०११ साली उत्पादकता आयोगाचा, म्हणजे सरकारला आर्थिक धोरणावर सल्ला देणाऱ्या संस्थेचा, अहवाल आला. प्रचलित व्यवस्थेला त्यात अपुऱ्या निधीची, अन्याय्य, तुकड्यातुकड्यांची आणि अकार्यक्षम असं म्हटलं होतं.

या अहवालातली एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही. माणसाच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या मध्यस्थ संस्था असाव्यात, असं आयोगाने सुचवलं होतं. त्यांनी सेवा जुळवून द्याव्यात, घासाघीस करावी आणि कागदपत्रंही सांभाळावीत. म्हणजे दोन्ही कामं एकाच छपराखाली.

मार्च २०१३ मध्ये, ज्युलिया गिलार्ड पंतप्रधान असताना, कायदा झाला आणि १ जुलैपासून न्यूकॅसलजवळचा हंटर, जीलाँगचा बार्वन, टास्मानिया, दक्षिण ऑस्ट्रेलिया अशा ठिकाणी चाचणी सुरू झाली. कायद्याने ही कामं वेगळी केली. निधी कुणी सांभाळायचा याचे मार्ग कायद्यातच लिहिले: स्वतः, सरकारी एजन्सी, किंवा नोंदणीकृत प्लॅन मॅनेजर. जुळवाजुळवीला अशी जागा मिळाली नाही. ती थेरपीसारखीच एक सेवा झाली, 'वाजवी आणि आवश्यक' ठरली तर मिळणारी. व्यवहारातला सगळा फरक इथून आला. प्लॅन मॅनेजर मागितला की सहसा मिळतो. त्याचे महिन्याचे शंभरेक डॉलर वेगळे मंजूर होतात, थेरपीच्या पैशातून कापले जात नाहीत. कोऑर्डिनेटर मात्र पटवून मिळवावा लागतो, त्याचे तास मोजून मिळतात (तासाला साधारण १०० डॉलर), आणि पुढच्या प्लॅनमध्ये ते कमी झाले तर घरच्यांना धक्का बसतो.

आणखी एक गंमत आहे, तिला गंमत म्हणायचं तर. फक्त पैसे वाटणाऱ्या प्लॅन मॅनेजरला नोंदणी सक्तीची होती, पण घरात शिरून आयुष्याची घडी बसवणाऱ्या कोऑर्डिनेटरला ती नसली तरी चाले, फक्त निधी एजन्सीच्या हातात नसावा. काही संस्था तर सेवाही द्यायच्या आणि कोऑर्डिनेटरही पुरवायच्या, म्हणजे कोऑर्डिनेटरने आपल्याच संस्थेचं नाव सुचवलं तर कुणाला नवल वाटू नये.

प्लॅन मॅनेजर इतके का वाढले हे समजायला एक बिल हातात घ्यावं. मदतनीस मंगळवारी सकाळी दोन तास आली, आंघोळ-कपडे झाले, एवढंच. बिलावर मात्र ०१_०११_०१०७_१_१ असा सांकेतिक क्रमांक लागतो. तीच मदतनीस रविवारी आली तर क्रमांक वेगळा आणि दरही वेगळा. क्रमांक चुकला की बिल अडकतं. त्यात जुलै २०१६ मध्ये, योजना देशभर पसरायला लागली तेव्हाच, नवं संगणकीय पोर्टल कोलमडलं आणि सेवा देणाऱ्यांचे पैसे अडकले. शिवाय एजन्सीकडे निधी ठेवला तर फक्त नोंदणीकृत सेवाच घेता येतात, प्लॅन मॅनेजर असेल तर गल्लीतली बिगरनोंदणीकृत स्पीच थेरपिस्टही चालते. निम्म्याहून अधिक लोक प्लॅन मॅनेजरकडे वळले यात आश्चर्य नाही. पण ती थेरपिस्ट शोधणं, तिच्या प्रतीक्षायादीत नाव घालणं, शाळेशी बोलणं हे प्लॅन मॅनेजरच्या कामात येत नाही. तो उद्धटपणे नाही म्हणतो असं लोकांना वाटतं. खरं तर त्याला त्याचे पैसेच मिळत नाहीत.

मराठी कुटुंबांपुढे त्याआधीचा उंबरा असतो. कायमस्वरूपी रहिवास नसेल तर योजनेत प्रवेशच नाही, आणि तो मागताना दिव्यांग मुलाच्या खर्चाचा अंदाज व्हिसाच्या आरोग्यतपासणीत आड येऊ शकतो. वयाच्या ६५ नंतर अर्ज करता येत नाही, त्यामुळे उतारवयात गावाहून आलेल्या आई-वडिलांचा प्रश्न इथे सुटत नाही.

२०२३ च्या डिसेंबरमध्ये योजनेच्या पुनरावलोकनाचा अहवाल आला. लिहिणाऱ्या दोघांपैकी एक बोनीहेडीच, दुसऱ्या माजी सनदी अधिकारी लिसा पॉल. त्यांनी सुचवलं की कोऑर्डिनेटर, प्लॅन मॅनेजर आणि स्थानिक समन्वयक (लोकांना योजनेशी जोडून देणारे) हे वेगवेगळे मध्यस्थ जाऊन त्यांच्या जागी 'नेव्हिगेटर', म्हणजे वाट दाखवणारे, यावेत, आणि नेव्हिगेटरने स्वतः सेवा विकू नये. म्हणजे बारा वर्षांनी गाडी २०११ च्या मध्यस्थ संस्थांपाशी, आणि काही अंशी आल्बनीपाशी, परत आली. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने निधीतून काय घेता येईल आणि काय नाही याच्या याद्या आखून दिल्या. बिलं तपासणाऱ्याचं काम त्याने आणखी वाढलं.