आजव्याची पातळी आणि जिवाची धाकधूक

बडोद्यात पाऊस लागून राहिला की घरोघरी एकच विचारणा सुरू होते: आजव्याची पातळी किती झाली? सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेलं हे सरोवर भरलं की जादा पाणी विश्वामित्रीत येतं, आणि विश्वामित्री तर शहराच्या मधूनच वाहते. ऑगस्ट 2024 च्या पुरात मगरी वस्तीत शिरल्या होत्या. पाणी एकदा उंबऱ्याशी आलं की माणसं कामाला लागतात; सिलिंडर माळ्यावर जातो, कागदपत्रं पिशवीत जातात, आजींना वरच्या मजल्यावर नेतात. जीव खरा टांगणीला लागतो तो आदल्या रात्री, दर थोड्या वेळानं फोनवर आकडा बघताना.

नेमकी ही अवस्था लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी मोजली. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात 45 जणांना कॉम्प्युटरवर एक खेळ दिला होता. पडद्यावरच्या दगडाखाली साप आहे की नाही, हे ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा चांगलाच दुखणारा झटका. साप निघण्याची शक्यता मधूनमधून बदलत राहायची. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार यांवरून ताणाची नोंद होत होती. झटका बसणारच हे ठाऊक असतानाचा ताण कमी निघाला; शक्यता निम्मी निम्मी असताना तो सर्वांत जास्त होता.

मला या प्रयोगातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. ज्यांचा ताण अनिश्चिततेच्या प्रमाणात अचूक चढत-उतरत होता, त्यांचे अंदाजही अधिक बरोबर आले. म्हणजे धाकधूक होण्यात दुबळेपणा नाही. पुढचं कळत नसताना मेंदू सावध होतो, कारण त्याला अजून शिकायचं असतं.

खेळ तासाभरात संपतो, आयुष्यातल्या टांगत्या गोष्टी महिनोन्‌महिने चालतात. मुलीचा कॅनडाचा व्हिसा, बायोप्सीचा रिपोर्ट, धंद्यात अडकलेली उधारी. सावधपणाचा कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात शरीर सोडतं ते संप्रेरक, रोजच चढा राहिला की झोप उडते, रक्तदाब वाढतो, पोट बिघडतं. उत्तर आपल्या हातात नसतं. शरीराची एक चावी मात्र हातात असते, ती म्हणजे श्वास.

मनगटाच्या नाडीवर बोटं ठेवून सावकाश दीर्घ श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. घेताना ठोके थोडे जवळ येतात, सोडताना लांबतात. बऱ्याच जणांना हा फरक बोटांखाली कळतो. हे घडवते मेंदूच्या तळापासून हृदयाकडे आणि पोटाकडे जाणारी व्हेगस नस. 1921 मध्ये ऑटो लोवी यांनी एका बेडकाच्या हृदयाची ही नस चेतवली, ठोके मंदावले. मग त्या हृदयाभोवतालचं द्रव त्यांनी दुसऱ्या हृदयाला दिलं, तर तेही मंदावलं. नस एक रसायन सोडून हृदयाला थोपवते हे त्यातून सिद्ध झालं. या शोधासाठी त्यांना 1936 चं नोबेल मिळालं.

2001 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी 23 निरोगी माणसांना ख्रिस्ती लोकांची लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणायला लावला. दोन्हींत श्वास मिनिटाला सुमारे 6 वर आला. रक्तदाबातही साधारण 10 सेकंदांची एक नैसर्गिक लय असते. श्वास तिच्याशी जुळला आणि रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा अधिक तत्पर झाली. आपल्या आज्या संध्याकाळी माळ ओढत बसायच्या, त्यांच्या श्वासालाही अशीच लय लागत असणार, असं मला मनापासून वाटतं.

श्वासाच्या पुढची पायरी बडोद्यानं पाहिली आहे. डिसेंबर 1907 मध्ये सुरतेच्या अधिवेशनात काँग्रेस फुटली. त्या धामधुमीतून अरविंद घोष इथं आले आणि विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याला ग्वाल्हेरहून बोलावणं गेलं. दोघे तीन दिवस एका खोलीत बसले. विचार करू नका, मनाकडे नुसतं बघा, विचार बाहेरून येताना दिसतील, आत शिरण्याआधीच परतवा, असं लेल्यांनी सांगितलं. अरविंदांचं मन निःशब्द झालं, आणि त्याच अवस्थेत त्यांनी पुढे जाहीर भाषणं केली. मे महिन्यात तर त्यांना अटक झाली. तीन दिवसांत हे साधलं खरं, पण त्याआधी त्यांनी बडोद्यातच प्राणायामाचा कसून अभ्यास केला होता, हे विसरू नये. मन भरकटतं तेव्हा मेंदूतलं एक ठरावीक जाळं जास्त चालतं. मुरलेल्या साधकांमध्ये ध्यानाच्या वेळी ते शांत असल्याचं येल विद्यापीठातल्या संशोधकांना 2011 मध्ये मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलं.

पावसाच्या रात्री मी सुचवेन ते इतकंच: पिशवी भरून ठेवा, आकडा बघायच्या वेळा ठरवा, आणि मधल्या वेळात दहा मिनिटं श्वास लांबवा. काही जणांना श्वासाकडे लक्ष देताच उलट घाबरायला होतं. त्यांनी श्वास मोजू नये, मोठ्यानं नाव घ्यावं किंवा घरातल्या घरात चालावं. पाणी ओसरून आठवडे झाले तरी झोप परतली नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवायला हवं.