दहा बाय दहाच्या खोलीतला बेस

"घरी मस्त वाजते, पन डीजेवर लावलं का बेस कुठी जाते काई समजत नाई." यवतमाळ, वर्धा, अमरावती, कुठल्याही जिल्ह्यातल्या खेड्यात घरी बीट (संगणकावर जुळवलेला ठेका आणि संगीत) करणाऱ्या पोरांजवळ दहा मिनिटं बसा, हे वाक्य कानावर येतंच. मी स्वतः ते कितीदा बोललो असेन. पोरांना वाटतं सॉफ्टवेअर जुनं आहे, नाहीतर एखादं प्लगइन कमी पडतंय. खरं तर ही अडचण संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. गाणं तयार होतं एका जागी आणि वाजतं दुसऱ्याच जागी. त्या दोन जागांमधली तफावत भरून काढायची म्हणून मिक्सिंग (सगळ्या आवाजांचं माप जुळवणं) आणि मास्टरिंग (तयार गाण्यावरून वाजवायच्या जागेसाठी फिरवलेला शेवटचा हात) आलं, आणि ते कसं करायचं हे दर पिढीत वाजवणाऱ्या यंत्राने ठरवलं.

१९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. समोर एक मोठा कर्णा असायचा. त्यात गायचं, आणि आवाजाच्या धक्क्याने सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरत जायची. ज्याचा आवाज बारीक तो कर्ण्याजवळ, ज्याचा दणदणीत तो मागे. मिक्सिंग पावलांनी व्हायचं म्हणा ना. १९२५ च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं, पुढे टेपवर एकेका वाद्याचा वेगळा ट्रॅक घेता येऊ लागला, आणि सगळ्यांचं माप जुळवणं हे एक स्वतंत्र काम झालं.

मास्टरिंगची गोष्ट याहून रंजक आहे. मुळात मास्टरिंग करणारा म्हणजे तबकडी कापणारा माणूस. बेस, म्हणजे खालचा घुमणारा आवाज, जितका मोठा तितकी खाच रुंद. फार मोठा झाला की शेजारची खाच कापली जाते, किंवा घरोघरच्या ग्रामोफोनची सुई उडते. म्हणून कापताना बेस मुद्दाम कमी करायचा आणि वाजवताना अॅम्प्लिफायरने तो तेवढाच वाढवायचा, अशी सोय झाली. आरआयएए कर्व्ह म्हणून १९५४ पासून तिचं माप पक्कं झालं. मग स्टिरिओ तबकड्या आल्या. डावीकडचा आणि उजवीकडचा बेस एकमेकांच्या उलट असला तर खाच खालीवर होऊन सुई उचलली जायची, म्हणून बेस मधोमध ठेवायची शिस्त लागली. आज आपण १००-१२० हर्ट्झच्या (सेकंदाला तितकी कंपनं; आकडा लहान तितका सूर खालचा) खालचं सगळं मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच, करतो, ती त्याच शिस्तीची वारसदार. आणि ती नुसती जुनी सवय म्हणून सोडून देण्यासारखी नाही. डीजेच्या बेसच्या पेट्यांना बहुतेक वेळा दोन्ही बाजूंचा सिग्नल एकत्र करूनच दिलेला असतो. रुंद वाटावा म्हणून बेसवर स्टिरिओचे खेळ केले असतील, तर दोन बाजू तिथे एकमेकींना खाऊन टाकतात. "बेस कुठी जाते" याचं पहिलं उत्तर हे.

आमच्याकडे मात्र तबकडी ऐकली ती भोंग्यातून. माझे वडील लाउडस्पीकर भाड्याने द्यायचे. लग्न, भागवत सप्ताह, पोळा, काहीही असो, मांडवाशेजारच्या कडुनिंबावर दोन भोंगे चढवायचे, एकाचं तोंड वेशीकडे, दुसऱ्याचं शेताकडे. भोंग्यातून ३०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काहीच निघत नाही. ढोलकीची थाप यायची, तिची घुम यायची नाही. वावरात निंदणाऱ्या बायांपर्यंत पोचायचा तो गाणाऱ्याचा गळा, पेटीचा सूर आणि खंजिरीच्या झांजांची छनछन. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे खंजिरी भजन आमच्या गावोगावी रुजलं, आणि ते वाद्य भोंग्यासाठीच घडवलं असावं इतकं त्यातून स्वच्छ ऐकू येतं. १९४८ पासून नागपूर आकाशवाणी ऐकू आली, तीही मध्यमलहरींवर, म्हणजे तिथेही खालचा आणि वरचा आवाज छाटलेलाच. आमच्या आधीच्या दोन पिढ्यांचा कान असा मधल्या पट्टीवर तयार झाला. 'शब्द कळला पाहिजे' ही वडिलांची एकच कसोटी होती. आज मी गळ्याला जागा देण्यासाठी बीटमधले २ ते ४ किलोहर्ट्झ कापतो तेव्हा पाळतो ती त्यांचीच कसोटी.

कॅसेट आल्यावर गाणं काढणं स्वस्त झालं. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांच्या दुकानांसोबत भीमगीतांच्या कॅसेटचे ढीग लागायचे. पुढे त्याच जागी सीडी आल्या, मग मेमरी कार्ड आणि पेनड्राइव्ह. कॅसेटवरून कॅसेट भरली की दर वेळी खरखर वाढायची आणि वरचा आवाज मरायचा. चौथ्या-पाचव्या हातातल्या कॅसेटवरही गाणं समजलं पाहिजे म्हणून ट्रेबल चढा ठेवायचा. आमच्या भागातली जुनी मूळ कॅसेट आज ऐकली तर कानाला टोचते, त्याचं कारण हेच.

बीट हा शब्द आपण ज्या अर्थाने वापरतो, त्याची मुळं मात्र जपानमध्ये आणि अमेरिकेतल्या काळ्या वस्त्यांमध्ये आहेत. रोलँड कंपनीचं टीआर-८०८ हे ठेक्याचं यंत्र १९८० साली आलं. खरं ड्रम वाटत नाही म्हणून ते पडून राहिलं, सुमारे १२,००० नग विकून १९८३ मध्ये बंदही झालं. जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागलं तेव्हा हिप-हॉपच्या पोरांनी ते उचललं, आणि त्याची ती लांबत जाणारी, पन्नासेक हर्ट्झची घुम जगभर गेली. त्याच १९८३ मध्ये मिडी आली, म्हणजे वाद्यं आणि संगणक एकमेकांशी बोलू लागले. १९८५ मध्ये रोलँडचा ऑक्टापॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक ठेक्याचं वाद्य, आला. तो ऑर्केस्ट्रातून आमच्या धुमाल आणि संदल (मिरवणुकीत दणक्यात ठेका वाजवणाऱ्या) पार्ट्यांपर्यंत पोचला. नागपूरकडच्या धुमालच्या गाडीसमोर जो उभा राहिला असेल त्याला सांगायला नको, छातीत बसणारा ठेका विदर्भाला लॅपटॉपने शिकवला नाही.

लॅपटॉपने दिली ती घरी बसून काम करायची सोय. बेल्जियममधल्या इमेज-लाइन कंपनीचं फ्रूटीलूप्स १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलं आणि २००३ मध्ये त्याचं एफएल स्टुडिओ झालं. सोळा चौकोन, हवे ते पेटवायचे, ठेका तयार. इंग्रजी फारसं न येणाऱ्यालाही ते उमगतं, म्हणून खेड्यात तेच पसरलं. त्याच्या फुकट आवृत्तीत एक अट आहे: गाण्याची फाइल काढता येते, पण साठवलेलं काम पैसे भरल्याशिवाय पुन्हा उघडता येत नाही. आता हे आमच्या लोडशेडिंगशेजारी ठेवून बघा. लाइन रात्री दहाला यायची, पहाटे जायची, बॅटरी अर्धा तास. त्या मधल्या वेळात ठेका, बेस, मिक्स, मास्टर सगळं एका बैठकीत उरकायचं. दुसऱ्या दिवशी ताज्या कानाने ऐकून दुरुस्त करणं, जे मिक्सिंगमध्ये सगळ्यात मोलाचं, तेच आमच्या वाट्याला आलं नाही. आमच्या सुरुवातीच्या कामातला कच्चेपणा कोणी पोरांच्या अकलेवर ढकलला की मला राग येतो.

आता खोलीकडे येतो, कारण माझ्या मते खरी मेख तिथे आहे. माझी खोली दहा बाय दहाची, विटांच्या भिंती, वर टिनपत्रे. आवाज सेकंदाला ३४३ मीटरच्या आसपास धावतो. समोरासमोरच्या भिंतींत दहा फूट, म्हणजे तीन मीटरहून किंचित जास्त अंतर असलं तर ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर त्या दोन भिंतींत अडकून बसतो. भिंतीशी तो फुगतो, खोलीच्या मधोमध जवळपास नाहीसा होतो. ८०८ ची घुम नेमकी तिथेच. खोली चौरस असल्याने दोन्ही दिशांना हाच सूर अडकतो. माझं टेबल भिंतीला लागून, म्हणजे मला बेस असतो त्याहून मोठा ऐकू यायचा. मी तो कापायचो, आणि डीजेवर पोकळ वाजायचा. भिंतींवर गोधड्या टांगल्या, तर वरचा आवाज तेवढा मेला. पातळ कापडाला बेस दाद देत नाही.

एका हंगामात भाव नव्हता म्हणून घरात कापूस भरला. माझ्या खोलीची मागची अर्धी बाजू जमिनीपासून पत्र्याला टेकेपर्यंत कापूस. अंगाला खाज सुटायची, पण त्या दोन महिन्यांत केलेली चार गाणी लग्नात वाजली आणि चारही जिथल्या तिथे बसली. फाल्गुनात कापूस विकला, खोली रिकामी झाली आणि पुढचं गाणं पुन्हा पोकळ. मला वाटलं कान गेला. कान नव्हता गेला, पाच-सहा फूट जाडीचा कापूस बेस पिऊन घेत होता, तो गेला होता.

राहिला आवाजाच्या मोठेपणाचा प्रश्न. १९९० च्या दशकात डिजिटल लिमिटर (आवाजाची टोकं दाबून सगळं गाणं मोठं करू देणारं साधन) आले आणि प्रत्येक गाणं आधीच्यापेक्षा मोठं करायची चढाओढ लागली. यूट्यूब, स्पॉटिफाय आता मोठी गाणी स्वतःच खाली आणतात, साधारण उणे १४ लफ्सपर्यंत (लफ्स म्हणजे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप), त्यामुळे तिथे ठेचून मोठं केल्याने काही पदरात पडत नाही, उलट ठेक्याचा दणका जातो. वरातीत मात्र पेनड्राइव्हवरून एकामागून एक गाणी लागतात, तिथे खाली आणणारं कोणी नाही. तुमचं गाणं आधीच्या गाण्यापेक्षा बारीक लागलं की गाडीवरचा भाऊ थेट पुढचं लावतो. म्हणून मी हल्ली दोन मास्टर काढतो. एक डीजेचा, मोठा, खालून मोनो. दुसरा मोबाइलचा, त्यात बेसला थोडं सॅच्युरेशन, म्हणजे मुद्दाम किंचित फाट देऊन वरचे स्वरांश वाढवणं, कारण मोबाइलचा स्पीकर ५० हर्ट्झ वाजवूच शकत नाही. वरचे स्वरांश ऐकू आले की खालचा सूर कान आपल्या मनाने जोडून घेतो. दोन्हींत शेवटी १ डेसिबलची जागा मोकळी, एमपी३ झाल्यावर फाटू नये म्हणून.

खोलीचंही जमवलं आहे. कापूस काही गाण्यासाठी घरात ठेवता येत नाही, तो विकावाच लागतो. जुन्या गाद्यांची रुई मात्र पिंजाऱ्याकडे न देता आठ चुंगड्यांत (पोत्यांत) भरली आणि चारही कोपऱ्यांत एकावर एक दोन अशी उभी केली, कारण बेस साठतो तो कोपऱ्यात. टेबल भिंतीपासून तीन फूट पुढे घेतलं आहे. आईला खोली झाडायला अडचण होते, म्हणून दर शनिवारी चुंगडी मी बाहेर काढतो आणि झाडून झाल्यावर पुन्हा त्याच जागी लावतो.