देवळाची नोंदणी: अर्ज नेमका कुठे अडतो?

पूजा-भजनाला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागत नाही. तो हक्क राज्यघटनेच्या कलम २५ आणि २६ ने दिलेला आहे. मात्र धर्मसंस्थेच्या मालमत्तेचा कारभार ‘कायद्यानुसार’ करायचा, हेही कलम २६ मध्येच आहे. महाराष्ट्रात तो कायदा म्हणजे १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम. त्याखाली सार्वजनिक देवस्थानाची ट्रस्ट म्हणून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी करावी लागते. ‘देव आमचा, सरकारचा काय संबंध?’ हे भांडण १९५४ मध्येच रतिलाल गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. काही तरतुदी रद्द झाल्या, नोंदणी टिकली. तेव्हा तो वाद खिडकीवरच्या कारकुनाशी घालू नका.

मंदिर, मठ, चर्च, अग्यारी सगळ्यांना हाच कायदा. वक्फ, म्हणजे मुस्लिम धर्मकार्यासाठी दिलेली मालमत्ता, असेल तर वक्फ मंडळाकडे जायचं. अर्ज विश्वस्तांनी ट्रस्ट स्थापन झाल्यापासून तीन महिन्यांत उप किंवा सहायक धर्मादाय आयुक्तांकडे करायचा. ट्रस्ट डीड, ओळखपत्रं, संमतिपत्रं, प्रतिज्ञापत्र हे वकील बघतो.

अर्ज अडतो तो जागेवर. ‘जागा तात्यांनी तोंडी दिली होती’ हे गावात सगळ्यांना माहीत असतं, पण सातबाऱ्यावर तात्याच असतात, नाहीतर त्यांचे सहा वारस. तरीही अर्जात बिनधास्त ‘मंदिराची जागा, ५ गुंठे’ लिहिलेलं! मग चौकशीत एखादा पुतण्या हरकत घेतो, की हे आमच्या घराण्याचं खासगी मंदिर आहे. अशा वेळी मंदिर सार्वजनिक आहे हे दाखवायला कामाला येतात ती जुनी वर्गणीची पावतीपुस्तकं, यात्रेची पत्रकं, ग्रामपंचायतीच्या नोंदी. ती रद्दीत घालू नका. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेल्या संमतीने मालकी बदलत नाही. नोंदणीकृत बक्षीसपत्रच लागतं. वारस आज तयार नसतील तर मालमत्तेच्या रकान्यात फक्त मूर्ती, भांडी, शिल्लक रोकड दाखवा. जमीन ट्रस्टच्या नावावर झाली की चेंज रिपोर्ट, म्हणजे नोंदीतल्या बदलाची लेखी खबर, देऊन ती चढवता येते.

उत्सवापुरती वर्गणीची परवानगी म्हणजे नोंदणी नव्हे, हे मंडळाच्या पोरांना दर वर्षी नव्याने सांगावं लागतं.

विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट ९० दिवसांत, आणि हे दिवस बदल घडल्या तारखेपासून मोजतात. विश्वस्त वारले तर मृत्यूच्या तारखेपासून. शोकसभा किंवा पुढची बैठक कधी झाली, याच्याशी संबंध नाही. उशीर झालाच तर कारण लेखी द्या, पटलं तर मुदत वाढते, खर्च मात्र भरावा लागतो. ‘वर्षश्राद्ध होऊ दे, मग बघू’ हे कारण पटत नाही.