कन्व्हर्टरला गंज हवा असतो, रिमूव्हरला नको असतो

मे संपत आला की ओळखीतलं कुणीतरी गॅरेजमधनं हिरवळ कापायचं जुनं मशीन बाहेर काढतंच, आणि मग ऑगस्टमध्ये मला फोटो येतो. हिरव्या रंगाखाली फोड, एक फोड नखाने उचकटलेला, आत नारिंगी पावडर. सोबत ठरलेला मजकूर: "रस्ट रिमूव्हर लावला होता, छान जांभळट काळा झाला होता, वरून इनॅमल मारला, तरी असं का?" अरे बाबा, जांभळट काळा झाला म्हणजे तो रिमूव्हर, म्हणजे गंज काढणारा, नव्हताच, कन्व्हर्टर, म्हणजे गंजाचाच काळा थर करणारा, होता, आणि तू तो रिमूव्हर समजून लावलास, म्हणजे जे करायला हवं होतं ते केलं नाहीस आणि जे करायला नको ते केलंस.

दोष एकट्याचा नाही. हार्डवेअरच्या दुकानात "गंजाचं केमिकल द्या" म्हटलं की हाताला येईल ती बाटली मिळते. दोन्ही बाटल्यांवर गंजलेल्या गेटचा फोटो, दोन्हींच्या नावात रस्ट, आणि पुष्कळदा दोन्हींत फॉस्फोरिक ॲसिड. आता ओळखायचं कसं ते पुढे सांगतो.

रिमूव्हर सगळ्यांना माहीत असतो म्हणून पटकन उरकतो. तो गंज विरघळवतो आणि खाली उघडं लोखंड उरतं. माझा आवडता म्हणजे साधं सायट्रिक ॲसिड, सरबताच्या सिरपसाठी किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळतं ते. एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम, त्यात भाग रात्रभर बुडवून ठेवायचा, सकाळी पाणी पिवळट हिरवं झालेलं असतं आणि भागावर करडी साय, ती ब्रशने निघते. मग भरपूर पाण्याने धुवायचं, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातनं काढायचं म्हणजे उरलेलं ॲसिड मरतं, परत धुवायचं, उन्हात कडकडीत वाळवायचं आणि त्याच दिवशी प्रायमर. उद्यावर टाकलंत तर संपलं, दमट हवेत तासाभरात उघड्या लोखंडावर नारिंगी झाक येते आणि कोकणात असाल तर चहा पिऊन परत येईपर्यंत. एवढंच, यात गोंधळ घालण्यासारखं काही नाही.

गोंधळ आहे तो कन्व्हर्टरमध्ये. कन्व्हर्टर गंज काढत नाही. तो गंजावरच बसतो आणि गंजाचं दुसरंच काहीतरी करतो. बहुतेक कन्व्हर्टरमध्ये टॅनिक ॲसिड असतं आणि सोबत पाण्यातलं एक पॉलिमर, म्हणून बाटलीतनं ओतलं की दुधासारखं दिसतं. टॅनिन आणि लोखंड भेटलं की काय होतं ते आपल्या घरात सगळ्यांनी पाहिलंय, विळीवर कच्चं केळं चिरलं की पातंही काळं आणि बोटंही काळी, लोखंडी कढईत आवळा शिजवला की तीच तऱ्हा. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात पोत्यांनी गोळा होतो त्या हिरड्यात हेच टॅनिन ठासून भरलेलं असतं, हिरड्याच्या काढ्यात हिराकस (लोखंडाचा क्षार) घातला की काळी शाई होते ती यामुळेच. कन्व्हर्टर तुमच्या मशीनवर हीच शाई करतो, फक्त गंजातलं लोखंड वापरून, आणि पॉलिमर त्या शाईला धरून ठेवतं.

म्हणजे बघा, गंज हा इथे कच्चा माल आहे. गंज नसेल तर कन्व्हर्टरला करायला काम नाही. कुणी म्हणेल विळी तर चकचकीत असतानाही डागते, बरोबर आहे, पण तो नुसता डाग असतो, राखेने घासला की जातो. घट्ट थर व्हायला खाली गंज हवा.

हे मला कळलं ते स्वतः माती खाल्ल्यावर. काकांच्या बंगल्यात हाताने ढकलायचं रीलवालं मशीन होतं, दोन्ही बाजूंच्या प्लेटा बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या), मधे फिरणारी पाती आणि खाली एक स्थिर पातं. मी उत्साहात एक प्लेट ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून इतकी घासली की तोंड दिसेल, आणि मग त्यावर कन्व्हर्टर मारला, कारण "आधी साफ करा" असं कुठंतरी वाचलेलं. अर्धा तास झाला, एक तास झाला, काळं व्हायला तयार नाही. खड्ड्यांमध्ये जिथं थोडा गंज राहिला होता तिथं तेवढे जांभळे ठिपके आले, बाकी सगळं दुधट. दुसऱ्या दिवशी नख लावलं तर अख्खा पापुद्रा सोलून हातात. काका ओट्यावर बसून बघत होते, म्हणाले, "काय रे, लोखंडाला साय धरली?" दुसरी प्लेट आळसामुळे घासायची राहिली होती, तिच्यावरच्या खपल्या नुसत्या हातब्रशने पाडल्या आणि तोच कन्व्हर्टर मारला, वीस मिनिटांत ती शाळेच्या फळ्यासारखी काळी झाली. त्या प्लेटचा रंग अजून टिकून आहे.

पण म्हणून "मग घासायचंच नाही" असं म्हणणारे दुसऱ्या टोकाला जातात, आणि ऑगस्टमधले निम्मे फोटो यांचे असतात. घट्ट गंज वेगळा आणि खपली वेगळी. कन्व्हर्टर वरवर मुरतो, फार खोल जात नाही. जाड खपलीचा वरचा भाग काळा होतो, तुम्ही खूश, खालचा गंज जसाच्या तसा आणि खपली लोखंडाला धरूनसुद्धा नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, ओल मिळाली की तो खालून फुगतो आणि कन्व्हर्टर, प्रायमर, इनॅमल सगळ्यांना सोबत घेऊन वर येतो. माझी कसोटी सोपी आहे: स्क्रू ड्रायव्हरने खरवडून बघा, तुकडे पडतात तोवर तारेचा ब्रश, तुकडे पडायचे थांबले आणि तपकिरी रंग उरला की थांबा. तेलकटपणा असेल तर तो मात्र थिनरने काढा, ग्रीसवर काहीच धरत नाही.

आता बाटली ओळखायची. नाव वाचू नका, पुढचा फोटो बघू नका, बाटली उलटी करून वापरायची पद्धत वाचा आणि एकच गोष्ट शोधा, शेवटी पाण्याने धुवायला सांगितलंय का. धुवा म्हणतात तो रिमूव्हर. धुऊ नका, वाळू द्या, वरून रंग द्या म्हणतात तो कन्व्हर्टर. नुसत्या फॉस्फोरिक ॲसिडच्या बाटल्या मधल्या असतात, गंज थोडा विरघळवतात आणि थोड्याचं फॉस्फेट करतात, त्यामुळे त्यांच्यावर कुठलंही नाव असू शकतं, तिथेही लेबलवर धुवा असेल तर धुवा. रिमूव्हर कन्व्हर्टर समजून तसाच वाळू दिला तर ॲसिड रंगाखाली अडकतं, पांढरा चिकट थर राहतो आणि फोड येतात. कन्व्हर्टर रिमूव्हर समजून धुतला तर पैसे मोरीत. आणि एकावर दुसरा, म्हणजे आधी रिमूव्हरने गंज घालवून "एक्स्ट्रा सेफ्टी" म्हणून वर कन्व्हर्टर, याला माझ्याकडे शब्द नाहीत. जो गंज कन्व्हर्टरला हवा होता तो तुम्हीच काढून टाकलात ना.

कुठं काय लावायचं ते भागावर ठरतं. बादलीत बुडेल असा सुटा भाग, साइड प्लेट, ब्रॅकेट, नटबोल्ट, यांना रिमूव्हरच, मी दुसरं काही ऐकत नाही. बीड सच्छिद्र असतं, ॲसिड पिऊन बसतं, म्हणून ते धुताना आणि वाळवताना कंजूषी नको. बुडवता येत नाही, ब्रश नीट पोचत नाही असे वेल्डिंगचे कोपरे, हँडलच्या पाइपचे सांधे, फ्रेमची आतली बाजू, तिथं कन्व्हर्टर, त्याचा जन्मच त्यासाठी आहे. पावडर कोटिंग करून घेणार असाल तर कन्व्हर्टर अजिबात नको, ते भट्टीत साधारण १८० ते २०० डिग्रीला भाजतात, खालचं पॉलिमर तिथं टिकत नाही.

आणि पात्यांना दोन्हींतलं काही फासू नका, रंग तर नाहीच नाही. एडविन बडिंगने १८३० साली इंग्लंडात ज्याचं पेटंट घेतलं, कापडाच्या गिरणीतलं लव छाटायचं यंत्र बघून सुचलेलं, त्या मशीनमध्ये आणि काकांच्या मशीनमध्ये कापायची युक्ती तीच आहे: फिरतं पातं स्थिर पात्याला जेमतेम घासून जातं, कात्रीसारखं. त्या फटीत कन्व्हर्टरचा थर बसला तर गवत कापण्याऐवजी चावलं जातं. पात्यांना बारीक वॉटर पेपर आणि तेल, एवढंच. गिअर आणि बेअरिंगला डिझेल, जुना टूथब्रश, मग ग्रीस. तुमचं मशीन रोटरी (आडवं पातं पंख्यासारखं फिरणारं) असेल आणि डेक, म्हणजे पात्यावरचं झाकण, ॲल्युमिनियमचा असेल तर त्यावर जी पांढरी पावडर दिसते ती गंज नव्हेच, हे सगळं तिथं लागू नाही.

टॉयलेट क्लीनर वापरणाऱ्यांसाठी वेगळी रांग हवी. होय, गंज पाच मिनिटांत जातो. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, त्याचं क्लोराइड खड्ड्यात राहिलं की गंज दुप्पट वेगाने परत येतो, कडक स्टीलची स्प्रिंग ठिसूळ होऊ शकते आणि नुसत्या वाफेने शेजारी टांगलेले पान्हे गंजतात. बॅटरी चार्जर आणि धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातलं इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे विजेने गंज काढणं, मात्र छान, भाग निगेटिव्हला, दुसऱ्या टोकाला भंगार लोखंड, जागा उघडी कारण हायड्रोजन सुटतो. दुसऱ्या टोकाला स्टेनलेसचा चमचा लावायचा नाही, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं.

रेड ऑक्साइड हा तिसरा घोळ, पण दोन वाक्यांत संपतो. ते अस्तर आहे, औषध नाही, आणि त्याचा रंग गंजासारखा आहे म्हणून ते गंजावर चालतं असं काही नसतं. जिथं कन्व्हर्टरचा काळा भाग आणि घासलेलं उघडं लोखंड शेजारी शेजारी आहे तिथं मी दोन्हींवरून एक हात रेड ऑक्साइड फिरवतो, पण कन्व्हर्टर चोवीस तास वाळल्यावरच.

मशीनवरचा मूळ रंग घासताना मास्क लावा आणि वॉटर पेपर ओला करूनच घासा. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) वर नको हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, तुमचं मशीन त्याच्या कितीतरी आधीचं आहे. वरचा रंग साधा सिंथेटिक इनॅमल, दोन पातळ हात, मधे एक रात्र. घाई म्हणून इनॅमलवर एनसीचा (नायट्रोसेल्युलोजचा, झटपट वाळणारा) स्प्रे मारू नका, खालचा रंग सुरकुततो, आणि मग मला परत फोटो येतो.

हाताला कोरडा लागला तरी आठवडाभर मशीनला हात लावायचा नाही. मग पाती बसवायची, वर्तमानपत्राची पट्टी रील आणि खालच्या पात्याच्या मधे धरायची आणि रील हाताने हळू फिरवायचा, बोटं लांब ठेवून. पट्टी दुमडली तर खालच्या पात्याचा स्क्रू अर्धा आटा फिरवून पातं वर. काकांच्या मशीनला तीनदा फिरवावं लागलं, चौथ्यांदा पट्टी कट्कन तुटली आणि काका म्हणाले, "आता ती साय धरलेली प्लेट कधी करतोस?"