हँडल मारणारी माणसं

विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन ज्यांनी हाताने चालू केलंय, त्यांना वेगळं सांगायला नको. वरचा खटका उचलायचा, म्हणजे सिलिंडरमधली हवा मोकळी सुटते. मग जीव खाऊन हँडल फिरवायचं, वेग आला की खटका पाडायचा आणि इंजिन भकभकायला लागलं की हँडल काढून बाजूला व्हायचं. ॲम्बॅसिडर आणि पद्मिनीच्या डिकीतही जॅकशेजारी असंच एक वाकडं हँडल पडलेलं असे. ते अडीअडचणीपुरतं. पेट्रोल मोटारीच्या पहिल्या पंचवीस वर्षांत मात्र ही रोजची कसरत होती.

वाफेचं इंजिन वाफेचा दाब आला की जागेवरून हलतं. विजेची मोटर तर बटण दाबताच फिरते. पेट्रोल इंजिनाचं तसं नाही. आधी हवा आणि पेट्रोलचं मिश्रण आत ओढायचं, ते दाबायचं, मग ठिणगी पडून स्फोट होणार आणि त्या जोरावर पुढचा फेरा. पहिल्या स्फोटाआधीची ओढाताण दुसऱ्या कोणीतरी करून द्यावी लागते. तो दुसरा कोणी म्हणजे हँडल मारणारा माणूस.

यात ताकदीपेक्षा धोका मोठा होता. पिस्टन वर चढत असतानाच ठिणगी पडली, तर स्फोट त्याला उलटा खाली ढकलतो आणि हातातलं हँडल गर्रकन मागे फिरतं. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीमध्ये ठिणगीची वेळ स्टिअरिंगखालच्या डाव्या दांडीने ठरत असे. हँडल मारण्याआधी ती वर सारायची. विसरलात, की मनगट गेलंच म्हणून समजा. जाणकार सांगत : डावा हात वापरा, अंगठा हँडलभोवती गुंडाळू नका, बोटांच्याच बाजूला ठेवा आणि खालून वर ओढा. म्हणजे झटका बसला तरी हँडल बोटांतून निसटून जातं.

अशा गाडीला गिऱ्हाईक कितीसं मिळणार? १९०० साली अमेरिकेत ४,१९२ मोटारी तयार झाल्या. त्यांत वाफेवरच्या १,६८१, विजेवरच्या १,५७५ आणि पेट्रोलवरच्या फक्त ९३६. विजेची गाडी धूर सोडत नसे, आवाज करत नसे आणि हँडल तर नाहीच. खुद्द हेन्री फोर्ड यांची पत्नी क्लारा विजेच्या गाडीतून फिरत असे!

यावर तोड काढली ती गल्ल्याच्या यंत्रातून आलेल्या माणसाने. चार्ल्स केटरिंग ओहायोतल्या डेटन इथल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होते. दुकानातल्या गल्ल्याचा खण हाताने दांडा फिरवून उघडण्याऐवजी विजेने उघडावा म्हणून त्यांनी एक छोटी मोटर बसवली होती. गल्ला दिवसभर थोडाच उघडा राहतो? क्षणभर जोर लावला की काम झालं. छोटी मोटर सतत राबवली तर जळेल, पण काही सेकंद तिच्यावर भरपूर ताण टाकला तरी ती तो सोसते. इंजिनालाही नेमकं एवढंच हवं होतं. कॅडिलॅक या मोटार कंपनीचे हेन्री लीलंड यांनी इंजिन विजेने चालू करणारा स्टार्टर बनवण्याचं काम केटरिंगकडे सोपवलं आणि १९१२च्या कॅडिलॅक गाड्या स्टार्टरसह बाहेर पडल्या. गंमत म्हणजे इंजिन चालू झाल्यावर तेच यंत्र उलट वीज तयार करून बॅटरी भरत असे. त्यामुळे दिव्यांचाही प्रश्न सुटला.

विजेच्या मोटारीला विजेच्याच एका छोट्या मोटरने संपवलं, असं म्हणायचा मोह होतो. ऐकायला छान आहे, पण पुरतं खरं नाही. मॉडेल टीला विजेचा स्टार्टर मिळाला तो थेट १९१९मध्ये. तोवर ती लाखोंनी खपत होती, हँडलसकट. १९०८ साली ८५० डॉलरला मिळणारी ही गाडी १९१६पर्यंत निम्म्याहून कमी किमतीत मिळू लागली होती, आणि तेवढी बचत होणार असेल तर लोक मनगटाची जोखीम घ्यायला तयार होते. स्टार्टरने विजेच्या गाडीचं एक हुकमी पान काढून घेतलं, एवढं मात्र खरं.

मनगटाजवळ अंगठ्याच्या बाजूला हाडाचा टवका उडतो, त्याला अस्थिरोगतज्ज्ञ आजही ‘शोफर्स फ्रॅक्चर’, म्हणजे मोटार चालवणाऱ्याचं फ्रॅक्चर म्हणतात. हल्ली ते बहुधा हातावर पडल्याने होतं.